रोज चालते, भाकरी खाते, तरी साखर काठावर का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. बँकेत बैठं काम. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सोमवार आणि गुरुवार उपवास. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१, उपाशीपोटी साखर १०८, हिमोग्लोबिन १०.४. आईला मधुमेह. गेले सहा महिने रोज सकाळी पाऊण तास चालता, पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली आहे, पण वजन जागचं हललेलं नाही. आता भातही बंद करू का, प्रोटीन पावडर घेऊ का, जिम लावू का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. शिवाय घरात चौघं आहात आणि स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक होणार नाही, हेही स्पष्ट लिहिलंय.

तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते. भात बंद करायची गरज नाही, कमी करा. पावडर सध्या नको. जिम लावलीत तर उत्तम, नाही लावलीत तरी अडत नाही. पण यातल्या कशाच्याही आधी दोन गोष्टी बघायला हव्यात, आणि तुमच्या पत्रात त्या दोन्ही विचारलेल्या नाहीत. तुमच्या ताटात प्रथिनं गरजेपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी आहेत. आणि तुमच्या आख्ख्या आठवड्यात स्नायूंना जोर लावावा लागेल असं एकही काम नाही. माझ्याकडे चाळिशीच्या पुढच्या ज्या बायका येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींची कहाणी हीच असते. चालणं मन लावून करतात, खाण्यातलं एकेक काढत जातात, आणि शेवटी ताटात उरते भाकरी आणि भाजी.

आकड्यांचा अर्थ आधी लावू. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुमचं हिमोग्लोबिन १०.४ आहे आणि लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटं थोडं वर दिसू शकतं. त्यामुळे एकट्या ६.१ वर मी फार जोर दिला नसता. पण उपाशीपोटी साखरही १०० ते १२५ च्या पट्ट्यात आहे, आईला मधुमेह आहे आणि कंबर ९२ आहे. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. म्हणजे चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताहेत. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा, टेप कपड्यावरून नको. परकराच्या नाडीच्या जागी मोजली की आकडा बहुतेक वेळा चुकतो.

आपल्या शरीराची एक ठेवण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं दिली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे असू शकतात. आपल्याकडे हाडापेराने बारीक, हातपाय सडपातळ आणि पोटावर चरबी अशी माणसं घराघरात दिसतात. आपल्यात चरबी जास्त हे सगळ्यांना कळतं. स्नायू कमी, हे कोणी लक्षातच घेत नाही.

आणि साखरेचा प्रश्न बराचसा स्नायूंचाच आहे. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि साठवून ठेवतात. स्नायू आकसत गेले की साठवायची जागा कमी होते. तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप घटतात, बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमाराला तर ही घट जास्तच जाणवते. त्यात कमी खाऊन वजन उतरवायला गेलं, की चरबीबरोबर स्नायूही उतरतात. चार किलो कमी झाले म्हणून आनंद होतो, सहा महिन्यांनी पाच किलो परत येतात, आणि परत येताना ते चरबीच्या रूपात येतात. म्हणून भात बंद करायच्या तुमच्या बेताला मी आधीच नाही म्हटलं.

वजन हललं नाही याने खचू नका, हेही सांगते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर एक मोठा अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळे तुमच्यासारखेच काठावरचे. ज्यांनी आहार आणि हालचाल बदलली, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. तुमचं सहा महिन्यांचं चालणं फुकट गेलेलं नाही. ते सोडू नका.

आता भाकरी. ज्वारीची भाकरी मला स्वतःला प्रिय आहे आणि ती खावीच. पचायला बरी, पोटभरीची, वरून तेल लागत नाही. पण पोळीच्या जागी भाकरी केली म्हणजे कर्बोदकं कमी झाली असं होत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तितकीच. शिवाय घरच्या एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं, तर एका भाकरीला ५० ते ६०. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. तुम्ही पूर्वी डब्यात तीन पोळ्या नेत होतात आणि आता दोन भाकऱ्या नेता असं लिहिलंय. म्हणजे पीठ वाढलं, कमी नाही झालं. एकदा आपल्या हाताचा एक उंडा काट्यावर ठेवून बघा, डोळ्यांना खात्री पटेल.

तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब मांडता आला. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग पोहे. डब्यात दोन भाकऱ्या आणि भाजी. चारला चहा-खारी. रात्री एक भाकरी, भाजी, थोडा वरण-भात. तीन भाकऱ्यांतून १६-१७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोहे आणि त्यातले दाणे मिळून पाच-साडेपाच. दोन वेळच्या भाज्यांतून चार, भातातून तीन, चहाच्या दुधातून पाच. आणि वरणातून? चौघांच्या वरणाला आपण साधारण ८० ग्रॅम तूरडाळ शिजवतो. त्यात प्रथिनं १७-१८ ग्रॅम. चौघांत वाटली की प्रत्येकी साडेचार. 'मी रोज वरण खाते, मला प्रोटीन कमी कसं पडेल?' असं मला रोज कोणीतरी विचारतं, म्हणून हा हिशेब इतका खोलात सांगितला. डाळीत प्रथिनं भरपूर आहेत. आपल्या पातेल्यात डाळच कमी असते. शिजलेली वाटी मोजून काही कळत नाही, कारण तिच्यात पाणी किती ते पातेल्यालाच ठाऊक. कच्ची डाळ मोजा.

सगळी बेरीज जाते ३८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. आपल्यासारख्या धान्यावर उभ्या असलेल्या शाकाहारात, आणि व्यायाम करणाऱ्या माणसाला, मी किलोमागे १ ग्रॅम धरते. तुमच्या उंचीला शोभेल असं वजन ५८ ते ६० किलो, म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या जवळ जायला हवं. याच संस्थेच्या २०२४ च्या ताटात २००० कॅलरीमागे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिलिलिटर दूध-दही आहे. तुमच्या ताटात सध्या डाळ २० ग्रॅम आहे.

६० पर्यंत पोचायला नवीन काही शिकावं लागणार नाही, सगळं तुमच्या स्वयंपाकघरातलंच आहे. नाश्त्याला आठवड्यातून चार दिवस मूगडाळीची धिरडी करा. माणशी ५० ग्रॅम डाळ रात्री भिजत टाकायची, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायची. दोन धिरड्यांत ११-१२ ग्रॅम मिळतात. उरलेल्या दिवशी पोहे खुशाल करा, फक्त त्यात मूठभर मोड आलेले मूग आणि जरा सढळ हाताने दाणे घाला. डब्यात एक भाकरी कमी करून उसळ वाढवा. ४० ग्रॅम कच्च्या मटकीची मोड आणून छान मोठी वाटी भरते, त्यात ९ ग्रॅम मिळतात. एक वाटी दही घेतलंत तर आणखी चार. चारच्या चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे, त्यात सहा-सात. रात्री भाकरी एकच राहू द्या, पण वरणाला डाळ दुप्पट लावा, किंवा पिठलं करा, किंवा चवळी, मसूर, छोल्यांची घट्ट आमटी. आठवड्यातून दोनदा पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. सोयावडीत निम्मं प्रथिनच असतं, २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२-१३ ग्रॅम मिळतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून काढल्या की तो उग्र वास जातो, बारीक करून फ्लॉवर-मटारच्या रश्शात घातल्या तर मुलंही खातात.

पोटात वात धरतो ही तक्रार येणारच. पहिल्याच आठवड्यात राजमा-छोले सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस मूग आणि मटकी. कडधान्य आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, हिंग आणि ओवा हात राखून घालू नका. आतड्यांना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, मग त्रास कमी होतो.

वेगळा स्वयंपाक होणार नाही म्हणालात, तो करूच नका. वर लिहिलेलं सगळं चौघांसाठीच आहे. आईला मधुमेह असलेल्या घरात तुमच्या मुलालाही याची गरज आहे. मला काळजी वेगळीच आहे, आणि ती मी प्रत्येकीजवळ बोलून दाखवते. उसळ होते, पातेलं पानावर येतं, सासूबाईंना, नवऱ्याला, मुलाला वाढून होतं, कोणीतरी परत मागतं, तुम्ही हसत वाढता, आणि तुमच्या ताटात येताना दोन चमचे रस्सा उरतो. मग पोट भाकरीने भरायचं. डबा भरतानाही तेच. हिमोग्लोबिन १०.४ आणि प्रथिनं ३८, हे आकडे पुष्कळदा इथून आलेले असतात. तेव्हा जेवायला बसण्याआधी तुमची उसळीची वाटी काठोकाठ भरून ओट्यावर बाजूला ठेवा. उसळ कमी पडते असं वाटलं तर पुढच्या दिवशी मूठभर मटकी जास्त भिजवा. पण तुमची वाटी आधी.

आता काढायचं काय, कारण नुसतं घालत गेलो तर वजन वाढेल. एक भाकरी कमी झालीच, आता रोज एक दुपारी, एक रात्री. खारी आणि बिस्किटं गेली. भात चार-पाच चमचे, तोही डाळीबरोबर. चहा दिवसाला तीन कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच २५ ते ३० ग्रॅम साखर होते. दिवसभराची सगळी मिळून मर्यादाच २५ ग्रॅमची आहे. एकदम बिनसाखरेचा चहा जिभेला सोसत नाही, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. गूळ घातला तर चालेल का, हा प्रश्न पुढे येणार आहे. नाही, साखरेच्या दृष्टीने गूळ वेगळा नाही.

तेलाचं मात्र नीट बघा, कारण तिथे खाण्याचं सुख न घालवता बरंच वाचतं. पाच लिटरचा डबा तुमच्याकडे महिन्याला संपतो असं लिहिलंय. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल. चौघांत, तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे तीनशे चाळीस कॅलरी. पोषण संस्थेच्या ताटात तेल आहे २७ ग्रॅम. हाच डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरवायचा, इतकं एकच ध्येय ठेवा. तुम्ही २५ ग्रॅमवर येता आणि माणशी रोज शंभर-सव्वाशे कॅलरी कमी होतात. भांड्यातून थेट कढईत धार धरायची सवय सोडा, पळीने किंवा चमच्याने मोजून घाला. डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. याच्यापेक्षा सोपी नोंद मला अजून सापडलेली नाही. आणि तेल कुठलं, शेंगदाणा की करडई की सूर्यफूल, यावर फार डोकं लावू नका. किती, हे आधी बघा.

उपवास सोडा असं मी कधीच सांगत नाही. ती श्रद्धेची बाब आहे. पण आठवड्यातले दोन दिवस तुम्ही साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, केळं आणि चहावर काढता, त्या दिवशी प्रथिनं वीस-बावीस ग्रॅमवर येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही, त्या दिवशी कॅलरी कमी तर होत नाहीतच, उलट साखर जास्त चढते. साबुदाण्याच्या जागी भगर आणि दाण्याची घट्ट आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, वाटीभर दही, दुपारी ताक, भिजवलेले दाणे, एखादं फळ घ्या. रात्री उपवास सोडत असाल तर त्या जेवणात उसळ हवीच. दोन्ही दिवस निर्जळी किंवा नुसत्या चहावर काढणं मात्र तुमच्या हिमोग्लोबिनला परवडणारं नाही.

आता दुसरी अर्धी गोष्ट, जोर लावण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ झालंय, दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. तुमचं चालणं आठवड्याला तीनशे मिनिटांच्या वर आहे, ते पुरेसं आहे. पाऊण तासाचा सव्वा तास करून फार काही मिळणार नाही. पाऊण तास चालण्यात तुमच्या साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. खारीच्या दोन तुकड्यांत त्याहून जास्त असतात.

आठवड्यातून तीन दिवस चालणं अर्ध्या तासावर आणा आणि वाचलेल्या वेळात दहा मिनिटं आणखी घालून हे करा. पहिली, बैठक. आपल्याकडे तालमीत पोरं घालतात तीच, फक्त खुर्चीच्या आधाराने. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली, घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा. पावलं खांद्याइतकी फाकवून, टाचा जमिनीला पक्क्या, पावलं गुडघ्याच्या जरा मागे. हात छातीवर दुमडा. छाती थोडी पुढे झुकवून, टाचांवर भार देत उठा, उठताना श्वास सोडा. पूर्ण सरळ उभं राहून मागचे स्नायू आवळा. मग बसताना मनात एक, दोन, तीन, चार मोजत सावकाश खाली या. धप्पकन बसायचं नाही. खरा व्यायाम उठण्याइतकाच या सावकाश बसण्यात आहे, आणि घाईघाईत तोच राहून जातो. गुडघे आत वळू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. अशा आठ झाल्या की मिनिटभर थांबा, अशा तीन फेऱ्या. हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, काही बिघडत नाही. बारा-बारा सहज व्हायला लागल्या की छातीशी दोन किलोचं डाळीचं पाकीट धरा. मग तीन किलो. ओझं वाढवत नेलं नाही तर दोन महिन्यांनी प्रगती थांबते, हे लक्षात ठेवा.

दुसरा, जोर. आधी भिंतीवर हात टेकवून, मग ओट्यावर, जमलं तर पुढे खाटेच्या काठावर. शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ. तिसरा, पाठीसाठी. एका हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाका आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा पाच लिटरचा कॅन कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढा. पाच लिटर जड वाटला तर निम्मा भरा. चौथा, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, योगवर्गात सेतुबंधासन करता तेच, फक्त धरून न ठेवता वर-खाली. प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या. पंचवीस मिनिटांत सगळं आटपतं. सूर्यनमस्कार येत असतील तर ते सुरुवातीला चार-सहा घाला, शरीर छान मोकळं होतं.

पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, जिना उतरताना कण्हाल. ते नैसर्गिक आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं वेगळं, ते झालं तर कमी खाली जा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. श्वास रोखून जोर लावायचा नाही. रक्तदाब एकदा तपासून घ्या. छातीत दडपण, चक्कर, अनपेक्षित धाप, असं काही झालं तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जा, पुढचा दिवस उजाडायची वाट बघू नका.

रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली मात्र रोज घाला, गच्चीवर, पार्किंगमध्ये, घरातल्या घरात, कुठेही. जेवणानंतर पाय हलले की स्नायू साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनची तितकी गरज लागत नाही. तुमच्यासारख्या काठावरच्या माणसाला या पंधरा मिनिटांचा फायदा पहाटेच्या पंधरा मिनिटांहून जास्त आहे. बँकेतही जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की दोन मजले उतरून-चढून या.

पावडरबद्दल एवढंच. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलंच प्रथिन, त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला हवे असलेले वीस-बावीस ग्रॅम फुटाणे, उसळ आणि दह्यातून निघतात आणि त्याबरोबर तंतुमयता आणि खनिजंही मिळतात. तीन महिने प्रयत्न करूनही ६० ला पोचला नाहीत तर आपण बोलू. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारायला हवं, म्हणून क्रिएटिनिन तपासून घ्या. लेबल नसलेली, सुटी पावडर कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. जिमचं म्हणाल तर घराजवळ असेल, तंत्र शिकवणारा प्रशिक्षक असेल तर जरूर जा. तीन महिने घरी केल्यावर जाल तर जास्त फायदा होईल.

झोपेचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. साडेअकराला आवरून पाचला चालायला उठत असाल तर उठण्याची वेळ सहा करा आणि चालणं संध्याकाळी न्या.

हिमोग्लोबिन मात्र आहारावर सोपवू नका. १०.४ चं १२ नुसत्या बीट-खजुराने होत नाही. डॉक्टरांकडून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारात बी१२ ची कमतरता फार सापडते, आणि पुढे कधी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली तर ती कमतरता वाढू शकते. लोहाच्या गोळ्या दिल्या तर पोट बिघडलं म्हणून परस्पर बंद करू नका, गोळी बदलून मिळते. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ते संकोच न करता सांगा, लोह तिथून जात असेल तर भरून काढणं पुरत नाही. जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. उसळीवर लिंबू पिळा, त्याने डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. अळिवाची खीर किंवा लाडू आठवड्यातून दोन-तीनदा चालेल, गूळ कमी घालून.

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतं, त्यामुळे महिन्याभराने परत तपासण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी करा, हिमोग्लोबिनबरोबरच, म्हणजे दोन्ही एकत्र वाचता येतील. लोहाची कमतरता भरून निघाली तर एचबीए१सी त्यामुळेही थोडं खाली येऊ शकतं, म्हणून सोबत उपाशीपोटीची साखरही हवी. वजन आठवड्यातून एकदाच बघा. कंबर महिन्यातून एकदा. तीन महिन्यांत तीन-चार किलो कमी झाले तर उत्तम, वजन तसंच राहून कंबर तीन सेंटिमीटर उतरली तरी मी तितकीच समाधानी असेन. परत लिहाल तेव्हा हे आकडे कळवा, खुर्चीवरून सलग किती वेळा उठता येतं ते कळवा, आणि तेलाचा डबा किती दिवस पुरला तेही. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याच्या वर गेली किंवा हिमोग्लोबिन आणखी उतरलं, तर मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता आधी डॉक्टरांना गाठा.